क्रॉसओव्हर लिहायचाय? आधी ठरवा कोणाची पंचाईत करायची

"अरे हे दोघं भेटले तर काय धमाल येईल!" प्रत्येक क्रॉसओव्हर, म्हणजे दोन वेगळ्या सिरीजमधल्या पात्रांना भेटवणारी फॅननी लिहिलेली गोष्ट, इथून सुरू होतो आणि बरेचसे इथेच संपतात पण. माझा पहिला असाच गेला. एका सिरीजमधला डिटेक्टिव्ह आणि दुसऱ्या सिरीजमधली चेटकीण, दोघंही माझे जीव की प्राण, तर तीन चॅप्टर मी नुसतं त्यांना भेटवत बसले, हा तिच्याकडे बघून भारावतोय, ती याच्याकडे बघून भारावतेय, आणि चौथ्या चॅप्टरला दोघं समोरासमोर खुर्च्यांवर बसलेली आणि मला कळेना आता यांना काय बोलायला लावू. ती फिक, म्हणजे फॅनफिक्शनची गोष्ट, आजही अर्धवट पडलीये.

चूक काय झाली ते खूप नंतर कळलं, लिहून नाही, दुसऱ्यांच्या फिक्स वाचून. आपण क्रॉसओव्हर वाचतो कशासाठी? डिटेक्टिव्हच्या स्वतःच्या सिरीजमध्ये सगळ्यांना त्याची सवय झालेली असते, तो तुसडेपणा करतो, त्याचा मित्र सोडून देतो, पोलीस ऐकून घेतात, आणि पाच सीझन बघून आपल्यालाही ती सवय लागलेली असते. आता तिथे बाहेरून कोणीतरी येतं, ज्याला याची हुशारी बिशारी काही माहीत नाही, आणि सरळ विचारतं, "तुम्ही सगळ्यांशी असंच बोलता का?" बास. आपल्याच घरातल्या माणसाकडे पाहुण्याच्या नजरेने बघितल्यासारखं होतं.

याच्या बरोबर उलटं पण चालतं. एका सिरीजमधला अमर माणूस आपल्या जगात एकटाच अमर असतो, सगळी माणसं त्याच्यासमोर म्हातारी होऊन जातात, आणि दुसऱ्या सिरीजमध्येही असाच एकटा एक जण आहे. या दोघांना एका बाकावर बसवलं की काही घडायचीही गरज नसते हो, "तुझं कितवं शतक?" एवढं एकाने विचारलं तरी वाचणारा रडतो. शिवाय फिक्स-इटवाले असतातच, आपलं लाडकं पात्र योग्य डॉक्टर नव्हता म्हणून मेलं, तर शेजारच्या सिरीजमधला डॉक्टर आणा आणि वाचवा त्याला! मला यात काही कमीपणा वाटत नाही, लिहिणाऱ्यांनी उगाच नाकं मुरडू नयेत.

तर पहिलं काम, लिहायला बसायच्या आधी एक वाक्य पूर्ण करायचं: "अमक्याला तमक्यामुळे ते करावं लागतं, जे तो स्वतःच्या जगात कधीच करत नाही." माझ्या डिटेक्टिव्हसाठी ते "माफी मागणं" निघालं. वाक्य पूर्ण होत नसेल तर तुमच्याकडे पोस्टर आहे, गोष्ट नाही.

मग ठरवायचं की हा क्रॉसओव्हर आहे की फ्यूजन, कारण लोक दोन्हींची खिचडी करतात. दोन जगातली माणसं आपापली ओळख घेऊन एकमेकांना भेटतात तो क्रॉसओव्हर. एका जगातली माणसं उचलून दुसऱ्या जगाच्या नियमांत जन्मालाच घातली, म्हणजे डिटेक्टिव्ह लहानपणापासूनच जादूच्या शाळेत शिकलाय, तर ते फ्यूजन. फ्यूजनमध्ये कोणालाच कशाचं आश्चर्य वाटत नाही, त्यामुळे वर म्हटलेली पाहुण्याची नजर तिथे मिळत नाही, तिथली मजा वेगळी. दोन्ही चालतं, पण आपण कुठलं लिहितोय ते पहिल्या पानाआधी माहीत पाहिजे.

आता नियम. एका जगात जादू आहे, दुसऱ्यात नाही, तर भेट झाल्यावर जादू चालणार का? कोणाच्या जगात गोष्ट घडतेय? प्रत्येकाला कॅननमधल्या, म्हणजे मूळ सिरीजमधल्या, कुठल्या पॉइंटवरून उचललाय, मित्र मरायच्या आधी की नंतर? हे अर्ध्या पानावर लिहून ठेवा आणि ते अर्धं पान वाचकाला दाखवू नका. लोक पहिला चॅप्टर म्हणून जगाचे नियम टाकतात, कृपा करून नको. आणि पॉवर लेव्हल! एका सिरीजमधला हिरो डोंगर उचलतो आणि दुसऱ्यातला कुलूप उघडतो, म्हणून डोंगरवाल्याचा जोर निम्मा करायची गरज नाही, प्रॉब्लेमच असा द्या की जिथे डोंगर उचलून काही उपयोग नाही.

भेट कशी घडवायची याच्यावर लोक फार डोकं शिणवतात. पोर्टल उघडलं, वीज पडली, मशीन बिघडलं, काहीही चालतं, कारण वाचक ते मान्य करूनच आलेला असतो, एका परिच्छेदात उरका. त्याहून बरं म्हणजे दोघांना एकच गोष्ट हवी असू दे, एकच हरवलेली पेटी दोघं शोधतायत, म्हणजे भेटल्या क्षणापासून भांडायला कारण तयार.

इथे एक जुना किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९०६ साली फ्रेंच लेखक मॉरिस लब्लांने आपल्या आर्सेन ल्युपँ या चोरासमोर थेट शेरलॉक होम्सला आणून उभं केलं. तेव्हा होम्सचे लेखक कॉनन डॉयल हयात, होम्सच्या गोष्टी चालू, त्यांनी हरकत घेतली आणि नंतर नाव बदलून 'हर्लॉक शोल्म्स' करण्यात आलं! पण गोष्टीतली युक्ती बघा. वाड्याच्या गुप्त वाटेचं कोडं होम्स अगदी चटकन आणि स्वतःच्या अकलेने सोडवतो, म्हणजे त्याची इज्जत शाबूत, आणि परत जाताना त्याला एक पुडकं मिळतं, त्यात त्याचंच खिशातलं घड्याळ, ल्युपँने वाटेत भेटला तेव्हा मारलेलं. हुशारीत कोणी हरलं नाही, तरी बाजी कोणाची हे कळलं. "कोण जिंकेल" या वादात दोन्हीकडचे फॅन तुमच्यावर तुटून पडू नयेत असं वाटत असेल तर हे घड्याळ लक्षात ठेवा.

सगळ्यात अवघड भाग म्हणजे अर्धे वाचक. बहुतेकांना दोनपैकी एकच जग माहीत असतं. त्यांना समजवायला म्हणून आपण असं काहीतरी लिहितो:

"चेटकिणीच्या कुळात नियम होता की नाव विचारणाऱ्याला खरं नाव सांगायचं नाही, कारण नावावर ताबा म्हणजे माणसावर ताबा."

माहिती पोचली, पण झोप आली. तेच पाहुण्यावर सोडून बघा:

"नाव?" त्याने वहीतून मान वर न करता विचारलं.
ती दोन पावलं मागे सरकली. "आधी ती वही बंद करा."
"नुसतं नाव विचारलंय बाई."
"तेच म्हणतेय मी."

तिची सिरीज न बघितलेल्यालाही कळलं की नावात काहीतरी धोका आहे, आणि बघितलेल्याला गालातल्या गालात हसू आलं. ज्याला माहीत नाही तो प्रश्न विचारतो आणि ज्याला माहीत आहे त्याला घाम फुटतो, समजवायचं काम त्या दोघांकडेच द्यायचं, आपण मध्ये पडायचं नाही.

आवाज तपासायला सोपी टेस्ट: संवादांवरची नावं काढून टाका आणि वाचा. कोण बोलतंय ते कळलं नाही तर दोघंही तुमच्यासारखे बोलतायत. जे फॅन्डम (एखाद्या सिरीजचं जग आणि तिचे फॅन) आपल्याला कमी येतं तिथला एक बीटा रीडर, म्हणजे पोस्ट करायच्या आधी वाचून चुका सांगणारा, नक्की शोधा, आपल्या लाडक्या पात्राला आपण नकळत झुकतं माप देतो आणि दुसऱ्याचा नुसता प्रेक्षक होतो, हे आपल्याला स्वतःला दिसत नाही, समोरच्याला दुसऱ्या पानावरच दिसतं.

पोस्ट करताना: फॅनफिक्शन डॉट नेटवर क्रॉसओव्हरचा वेगळा सेक्शन आहे, तिथे दोन फॅन्डम निवडायचे. एओथ्रीवर (आर्काइव्ह ऑफ अवर ओन, फॅनफिक्शनचीच दुसरी साइट) दोन्हींचे टॅग लावायचे. तिथे क्रॉसओव्हर वगळायचा किंवा फक्त तेच बघायचा फिल्टर आहे, म्हणजे ज्यांना नकोय ते आपोआप बाजूला होतात. फक्त एका सीनपुरतं कोणी येऊन जात असेल तर त्याच्या फॅन्डमचा टॅग लावू नका, टॅग बघून आशेने आलेला माणूस चिडतो आणि बरोबरच आहे त्याचं. पैसे मागणं, सपोर्ट करा म्हणून लिंक देणं, हे एओथ्रीच्या नियमांत बसत नाही, ते करू नका. आणि कुडोज (तिथले लाइक) कमी आले तर मनाला लावून घेऊ नका, दोन्ही जगं आवडणारे लोक मुळात थोडे, पण जे येतात ते लांबलचक कॉमेंट करतात असा माझा तरी अनुभव आहे.

राहता राहिला शेवट. दोघं आपापल्या जगात परत जातात आणि सगळ्यांची आठवण पुसली जाते, असला शेवट मी वाचला की फोन फेकावासा वाटतो. चाळीस हजार शब्द वाचले ते काय यासाठी? आठवण राहू दे, किंवा निदान एखादी वस्तू तरी चुकून खिशात राहू दे. माझी अर्धवट फिक मी परत उघडलीये सध्या, त्यात डिटेक्टिव्ह आपल्या ऑफिसात परत येतो, नवीन क्लायंट समोर बसतो, हा वही उघडतो, "नाव?" म्हणणार तेवढ्यात थांबतो, आणि वही बंद करतो.

मधले सहा चॅप्टर लिहायचेत अजून.