हिवाळी चाकं चढवल्यावर टायरचा पिवळा दिवा विझवायचा कसा

पुण्या-मुंबईत गाडीला चार चाकं आणि एक स्टेपनी, एवढाच संसार असतो. मॉन्ट्रिऑल, टोरांटो किंवा मिनेसोटाकडे राहायला आलं की त्यात चाकांच्या दुसऱ्या संचाची भर पडते. क्युबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात हिवाळी टायर कायद्यानेच सक्तीचे आहेत. इतरत्र पारा ७ अंश सेल्सिअसच्या खाली राहू लागला की चाकं बदलावीत, कारण त्याखाली उन्हाळी टायरचं रबर कडक होऊन पकड सुटते. रिमवर आधीच बसवलेले टायर असतील तर जॅक, पाना आणि टॉर्क रेंच घेऊन हे काम घरच्या घरी होतं. घोडं अडतं ते त्यानंतर. गाडी सुरू केली की डॅशबोर्डवर घोड्याच्या नालेत उद्गारचिन्ह असलेला पिवळा दिवा लागतो आणि कितीही हवा भरली तरी जात नाही.

आधी तो दिवा नीट पाहा. गाडी सुरू केल्याबरोबर लागून स्थिर राहिला, तर एखाद्या चाकात हवा कमी आहे. पण मिनिट-दीड मिनिट लुकलुकून मग स्थिर झाला, तर हवेचा प्रश्न नाही. गाडीला तिचे सेन्सर सापडत नाहीयेत. चाकं बदलल्यावर दिसतो तो हा दुसरा प्रकार, आणि त्यावर हवा भरणं हा उपाय नव्हे.

कारण साधं आहे. प्रत्येक चाकाच्या आत, व्हॉल्व्हच्या बुडाशी, बॅटरीवर चालणारा छोटा सेन्सर असतो. तो दाब आणि तापमान मोजतो आणि रेडिओ संदेशातून स्वतःच्या क्रमांकासह गाडीला कळवतो. क्रमांक सात किंवा आठ चिन्हांचा, आकडे आणि ए ते एफ ही रोमन अक्षरं मिळून बनलेला. गाडीच्या संगणकात बहुधा असे चारच क्रमांक नोंदलेले असतात, स्टेपनीलाही सेन्सर असेल तर पाच. बाकी सगळे संदेश ती दुर्लक्षते, आणि ते बरोबरच आहे. नाहीतर पार्किंगमध्ये शेजारच्या गाडीचा दाब तुमच्या डॅशबोर्डवर दिसला असता. तुमचा हिवाळी संच तिच्या दृष्टीने शेजाऱ्याचाच आहे. म्हणून उपाय दोनच: गाडीच्या वहीत नवे क्रमांक लिहायचे, किंवा नव्या सेन्सरना जुनेच क्रमांक द्यायचे. कुठला मार्ग घ्यायचा हे सेन्सर विकत घेण्याआधी ठरवा. टायर चढवून झाल्यावर ठरवलं की पैसे दोनदा जातात.

मुळात तुमच्या गाडीला सेन्सर आहेत का, हेही आधी तपासा. होंडा, फोक्सवॅगन, ऑडीच्या बऱ्याच मॉडेलांत चाकात काहीच नसतं. तिथे ब्रेकच्या एबीएस यंत्रणेच्या सेन्सरवरून चाकाच्या फिरण्याचा वेग पाहिला जातो. हवा कमी झालेलं चाक किंचित लहान होऊन जास्त वेगाने फिरतं, त्यावरून गाडी अंदाज बांधते. अशा गाडीत चाकं बदलल्यावर चारही टायर थंड असताना दाब दारावरच्या स्टिकरप्रमाणे करायचा, मेनूतून कॅलिब्रेशन सुरू करायचं, म्हणजे हा दाब योग्य आहे असं गाडीला सांगायचं, काही काळ गाडी चालवायची, झालं. डॅशबोर्डवर प्रत्येक चाकाचा दाब आकड्यात दिसत असेल तर सेन्सर आहेत असं समजावं. व्हॉल्व्हवरून ठरवायला जाऊ नका, रबरी व्हॉल्व्हचेही सेन्सर येतात.

सेन्सर घेताना फ्रीक्वेन्सी बघा. उत्तर अमेरिकेत बहुतेक गाड्या ३१५ मेगाहर्ट्झच्या, युरोपात ४३३ च्या. पण अमेरिकेतल्या बऱ्याच नव्या गाड्याही ४३३ वर आहेत. चुकीच्या फ्रीक्वेन्सीचा सेन्सर गाडीला कधीच ऐकू येत नाही. टेस्लाच्या अलीकडच्या गाड्यांत तर ब्लूटूथचे सेन्सर आहेत, तिथे जुने रेडिओवाले चालत नाहीत. मॉडेल आणि वर्ष सांगून मूळ कंपनीचे घ्या, किंवा ऑटेल, श्रेडर यांचे प्रोग्रॅम होणारे कोरे घ्या. कोरा सेन्सर दुकानातून आणल्या आणल्या मुका असतो. सेन्सरशी बोलणारं हातात धरायचं यंत्र, म्हणजे टूल, त्यात गाडीचं नाव, मॉडेल आणि वर्ष निवडून त्याला त्या गाडीची भाषा शिकवावी लागते, मगच तो बोलतो.

आता सगळ्यात कळकळीची सूचना. टायर रिमवर चढण्याआधी चारही सेन्सरच्या पाठीवर छापलेले क्रमांक लिहून घ्या. फोनवर फोटो काढा आणि कुठला क्रमांक कुठल्या चाकात गेला तेही टिपा. टायर बसल्यावर ते वाचायला टूल लागतं. पुढे एखादा सेन्सर मेला तर टूललाही काही वाचता येत नाही, आणि तो क्रमांक बघायला टायर उतरवावा लागतो. पाच मिनिटांचं हे काम पुढची सगळी डोकेदुखी वाचवतं.

गाडीच्या वहीत नवे क्रमांक लिहिण्याच्या तीन तऱ्हा आहेत. तुमच्या गाडीची कुठली, हे मॅन्युअलमध्ये असतं. टूलमध्ये गाडी निवडली की तेही सांगतं.

पहिली, चालवून शिकणाऱ्या गाड्या. ह्युंदाई, किया आणि बऱ्याच युरोपीय गाड्या यात मोडतात. चाकं बदलल्यावर गाडी २० मिनिटं उभी ठेवा, मग ताशी ४० किलोमीटरच्या वर १० ते ३० मिनिटं चालवा. सेन्सर फिरण्याने जागे होतात, त्यामुळे सिग्नलमागून सिग्नल असलेल्या रस्त्यावर हे लांबतं. मोकळा रस्ता धरा. उन्हाळी संच डिकीत घालून ही फेरी मारू नका, नाहीतर गाडीला त्याचेही संदेश ऐकू येतील.

दुसरी, उभ्या जागी शिकवायची. शेव्हरले, जीएमसी, कॅडिलॅक इथे हीच पद्धत. यासाठी चाकातल्या सेन्सरला १२५ किलोहर्ट्झचा संदेश देऊन जागं करणारं छोटं टूल लागतं, ते फार महागही नसतं. इग्निशन चालू, गिअर पार्कमध्ये, हँडब्रेक ओढलेला. मेनूत टायरच्या दाबाचा पडदा आणून निवडीचं बटण दाबून धरा. काही जुन्या मॉडेलांत रिमोटची लॉक आणि अनलॉक ही दोन्ही बटणं एकत्र दाबून धरायची असतात. हॉर्न दोनदा वाजला की गाडी ऐकायला तयार झाली. मग क्रम असा: ड्रायव्हरच्या बाजूचं पुढचं, प्रवाशाच्या बाजूचं पुढचं, प्रवाशाच्या बाजूचं मागचं, शेवटी ड्रायव्हरच्या बाजूचं मागचं, म्हणजे बॉनेटवरून प्रदक्षिणा घालत यायचं. टूल टायरच्या बाजूच्या भिंतीला, व्हॉल्व्हजवळ टेकवा आणि बटण दाबा. हॉर्न एकदा वाजला की पुढचं चाक. टूल रिमच्या धातूवर टेकवलं तर संदेश अडतो आणि माणूस बटण दाबत बसतो. पहिल्या चाकाला २ मिनिटं, चारही मिळून ५ मिनिटं एवढीच मुदत असते, म्हणून टूल हातात घेऊनच सुरुवात करा. उन्हाळी चाकं याच गॅरेजमध्ये भिंतीला टेकलेली असतील तर आधी बाहेर काढा. फोर्डमध्येही क्रम हाच. बऱ्याच नव्या फोर्डमध्ये इग्निशन चालू करून १० सेकंदांत धोक्याच्या दिव्यांचं बटण ६ वेळा दाबलं की ही अवस्था सुरू होते.

तिसरी तऱ्हा टोयोटा, लेक्सस आणि बऱ्याच सुबारूंची: क्रमांक ओबीडी पोर्टमधूनच, म्हणजे गाडीच्या संगणकाला यंत्र जोडायच्या खाचेतूनच, लिहावे लागतात. इथे सगळ्यात जास्त लोक फसतात, कारण बऱ्याच जुन्या टोयोटांत स्टिअरिंगखाली टायरच्या चिन्हाचं बटण असतं. ते धरून ठेवलं की दिवा तीनदा लुकलुकतो आणि काम झालं असं वाटतं. ते बटण सध्याचा दाब योग्य म्हणून नोंदतं. सेन्सरचे क्रमांक ते शिकत नाही. अनोळखी सेन्सरवर ते शंभरदा दाबलं तरी काही होणार नाही. उलट कमी हवेवर दाबलं तर तोच कमी दाब गाडी बरोबर मानून बसते, आणि ते धोक्याचं आहे.

इथली खरी कृती अशी आहे:

१. ऑटेल टीएस५०८ किंवा घरगुती वापराचं एटेक क्विकसेट यांसारखं टूल घ्या. तुमचं मॉडेल आणि वर्ष त्याच्या यादीत आहे याची खात्री विकत घेण्याआधी करा.

२. इग्निशन चालू, इंजिन बंद. टूल स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टमध्ये घाला.

३. लिहिण्याआधी वाचा. गाडीत आत्ता असलेले चारही क्रमांक वाचून जपून ठेवा. तो तुमचा उन्हाळी संच, वसंतात परत लागणार.

४. हिवाळी क्रमांक टाका. शून्य आणि डी, आठ आणि बी यांत हमखास गल्लत होते. टूलला सेन्सर वाचायची सोय असेल तर हाताने टाकण्यापेक्षा ते आधी चाकाजवळ नेऊन वाचून घेतलेलं बरं.

५. लिहून झाल्यावर पुन्हा वाचून ताडून पाहा, मग टूल काढून इग्निशन बंद करा.

६. थंड टायरमध्ये स्टिकरप्रमाणे हवा भरा, टायरच्या चिन्हाचं बटण असेल तर ते आता दाबा, आणि एक फेरी मारून या.

टोयोटाच्या काही नव्या मॉडेलांत मेनूतच दुसऱ्या संचाची सोय आहे. एकदा दोन्ही संच नोंदले की दरवर्षी फक्त पर्याय बदलायचा. तुमच्या मेनूत ती असेल तर टूल घ्यायच्या भानगडीत पडूच नका.

आता दुसरा मार्ग, क्लोनिंग. ज्यांची गाडी ओबीडीवाली आहे आणि जे चाकं स्वतः बदलतात त्यांच्यासाठी आमच्या मते हाच उत्तम. उन्हाळी चाकं गाडीवर असतानाच टूलने त्यांचे क्रमांक वाचायचे आणि तेच चार क्रमांक कोऱ्या सेन्सरवर उतरवायचे. नोव्हेंबरात चाकं बदलली तरी गाडीला पत्ता लागत नाही. काही शिकवायला नको. अटी दोन: चाकांच्या जागा सांभाळा, म्हणजे पुढच्या डावीकडचा क्लोन पुढे डावीकडेच, आणि उतरवलेला संच गाडीपासून लांब ठेवा. एकाच क्रमांकाचे दोन सेन्सर एकाच गॅरेजमध्ये बोलू लागले तर गाडी कधी एकाचा दाब दाखवते, कधी दुसऱ्याचा.

सगळं बरोबर करूनही दिवा लागतो तेव्हा बहुधा थंडी जबाबदार असते. तापमान साधारण ५.५ अंश सेल्सिअसने उतरलं की दाब सुमारे १ पीएसआयने उतरतो. २० अंशांच्या उबदार गॅरेजमध्ये ३२ पीएसआय भरलेलं चाक बाहेर उणे १० मध्ये २७ च्या आसपास येतं. अमेरिकेच्या नियमानुसार स्टिकरपेक्षा २५ टक्के कमी झाल्यावर इशारा मिळालाच पाहिजे, म्हणजे ३२ चं २४ झालं की. म्हणून हवा बाहेर, सकाळी, गाडी चालवण्याआधी मोजा आणि तिथेच भरा.

जुन्या संचात एकच सेन्सर गप्प झाला असेल तर बॅटरी संपली समजा. ती ५ ते १० वर्षं चालते, आत बंद असते, बदलता येत नाही. टायर बदलताना दुकानदाराला सेन्सर आहेत हे आधी सांगा. टायरची कड व्हॉल्व्हजवळ दाबली की सेन्सर तुटतो. त्याच वेळी रबरी गॅस्केट, नट, व्हॉल्व्हची पिन आणि टोपण यांचा नवा संच टाकायला सांगा. पिन निकेलचा मुलामा असलेलीच हवी. साधी पितळी पिन ॲल्युमिनियमच्या व्हॉल्व्हमध्ये रस्त्यावरच्या मिठामुळे अशी धरते की काढताना व्हॉल्व्हच मोडतो. टोपणही धातूचं नको, प्लास्टिकचं हवं. नटचा टॉर्क पाकिटावर लिहिलेला असतो, बहुधा ४ ते ८ न्यूटन-मीटर. अंदाजाने आवळू नका.

कॅनडात टायरचा दाब सांगणारी ही यंत्रणा कायद्याने सक्तीची नाही, त्यामुळे तिथे बरेच जण हिवाळी चाकं सेन्सरविना चालवतात. अमेरिकेत मात्र दुकानदाराला चालू यंत्रणा बंद पाडायला कायद्याने मनाई आहे, म्हणून सेन्सर नसलेली चाकं बसवायला दुकानं नकार देतात. सेन्सरविना चालवणारच असाल तर दर पंधरवड्याला गेजने हवा मोजा, कारण दिवा आता काहीच सांगणार नाही.

चाकांचे नट टॉर्क रेंचने आवळा (टोयोटा रॅव्ह४ आणि कोरोलाला १०३ न्यूटन-मीटर) आणि ८० ते १०० किलोमीटर चालल्यावर पुन्हा तपासा. उतरवलेल्या प्रत्येक चाकाच्या आतल्या बाजूला खडूने जागा आणि सेन्सरचे शेवटचे चार अक्षर-आकडे लिहून ठेवा. वसंतात चाकं काढाल तेव्हा कुठलं कुठे जायचं हे शोधत बसावं लागणार नाही.