ग्रीन बिल्डिंगमध्ये करिअर सुरू करताय? या चुका टाळा

बीआर्क करून आलेल्या पोरापोरींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, सर, आयजीबीसी एपी (इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिलची परीक्षा) आधी देऊ की लीडची (अमेरिकन ग्रीन रेटिंगची) परीक्षा? द्या ना, पण आधी साइटवर जा. पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत भर दुपारचा सूर्य थोडा उत्तरेकडे असतो हे विचारलं तर बरेच जण गप्प बसतात, आणि कॉम्प्युटरवर ऊन-उष्णतेच्या सिम्युलेशनचे रंगीत नकाशे मात्र पटापट काढतात. दक्षिणेच्या खिडकीला छज्जा चालतो कारण हिवाळ्याचे दिवस सोडले तर दुपारचं ऊन बऱ्यापैकी वरून येतं, पश्चिमेचं तिरपं घुसतं, तिथे छज्जा कितीही काढा उपयोग नाही, जाळी, बाहेरून चिक किंवा झाडच लागतं. मी अजून नवीन प्लॉटवर सकाळी, दुपारी बाराला आणि चारला असा तीनदा जातो.

दुसरी चूक मातीची, आणि ही मला फार लागलेली आहे. भोरकडे एका फार्महाऊसचं काम होतं, ज्युनिअरने व्हिडिओ बघून प्लॉटच्याच मातीचे दाबून काढलेले ब्लॉक करायचं ठरवलं, पाच टक्के सिमेंट घातलं, मालकाला घाई म्हणून आठच दिवस पाणी मारलं आणि भिंत चढवली. माती काळी होती. काळी माती भिजली की फुगते, वाळली की आकसते, उन्हात तडे गेले आणि पहिल्या पावसाच्या झडीत कडा सुटायला लागल्या. गवंडी मामा पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "सायेब, ही कापसाची माती हाय, भिताडाची न्हाय." त्यांचं कुणी ऐकलं नाही, मीही साइटवर उशिरा गेलो. ती भिंत उतरवली, निम्मा खर्च मी दिला.

तेव्हापासून गाडीत काचेची बरणी असते. एक तृतीयांश माती, बाकी पाणी, चिमूटभर मीठ, जोरात हलवायची आणि रात्रभर ठेवायची, वाळू तळाला बसते, मग गाळ, वर चिकणमाती. वरचा थर जाड दिसला तर ती माती तशीच वापरायची नाही, मुरूम किंवा वाळू मिसळून परत बघायचं आणि मग लॅबला पाठवायचं. ब्लॉक २८ दिवस ओले ठेवायचे, मालक कितीही ओरडला तरी.

बाकीच्या चुका पटकन सांगतो. इसीबीसी ही ऊर्जा बचतीची नियमावली कमर्शियल इमारतींसाठी, घरांसाठी २०१८ साली आलेली इको निवास संहिता, दोन्ही एक समजू नका. कोकणात जांभा दारात असताना लांबून ट्रकभर ब्लॉक आणू नका. आर्किटेक्ट लॉरी बेकर यांनी केरळात रुजवलेल्या रॅट ट्रॅप बाँडने, म्हणजे विटा कडेवर उभ्या लावून आत पोकळी ठेवायच्या पद्धतीने, विटा साधारण २५ टक्के वाचतात, पण गवंड्याने तो कधी केला नसेल तर आधी चार फुटी नमुना भिंत बांधून घ्या, वायरिंगचे पाइप कुठून जाणार ते त्याच दिवशी त्याच्यासोबत उभं राहून ठरवा.