नऊ होलवर थांबायला लागलो

गेल्या पावसाळ्यात ऑनलाइन गोल्फचा मला अक्षरशः वीट आला होता. खेळ आवडीचा, पण हरलो की लगेच पुढचा सामना, असं करत बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी रात्रीचा एक वाजायचा. डोळे चुरचुरायचे. भोकापासून हातभर अंतरावरचा बॉलसुद्धा कडेवरून निसटायचा.

नीट पाहिलं तेव्हा कळलं, चुका बहुतेक दहाव्या होलनंतरच्या (होल म्हणजे बॉल एका भोकात घालण्याचा एक टप्पा). म्हणून आता 18 नाही, 9 होलच खेळतो. लागोपाठ दोन सामने हरलो की मोबाइल आईच्या हातात देतो. तीही काही न विचारता फडताळावर ठेवून देते. ही मदत फार मोलाची.

सगळ्यात जास्त फरक पडला तो फटक्याआधीच्या सवयीने. बोट स्क्रीनवरून उचलायचं, वाऱ्याचा बाण आणि ग्रीनचा, म्हणजे भोकाभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीचा, उतार बघायचा, श्वास सोडायचा, मगच फटका. दर 20 मिनिटांनी 20 सेकंद खिडकीबाहेर लांब बघतो. रविवारी खेळ बंद, सुरसागर तलावाला फेरी.

परवा सातव्या होलवर बॉल वाळूत गेला. पूर्वी घाईने जोरात मारला असता. या वेळी बोट उचललं, बाण बघितला, हलकाच फटका दिला आणि ‘पार’ वाचला, म्हणजे ठरलेल्या फटक्यांतच होल पूर्ण झालं.