एट्सीडीसीटीएल आणि छत्तीसचा आकडा

खानापूर तालुक्यातील मराठी शाळेतून दहावी, बेळगावातून अभियांत्रिकी आणि त्यानंतर टिळकवाडीतील एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी, असा माझा साधा प्रवास आहे. क्लस्टर (एकत्र काम करणाऱ्या सर्व्हरचा गट), सर्व्हर, कमांड-लाइन (टाइप करून संगणकाला हुकूम देणे) ही कामे पुण्याला किंवा बेंगळुरूला गेल्याशिवाय हाती लागत नाहीत, असा आमच्या भागातील मुलांचा समज असतो, माझाही होता. प्रत्यक्षात निपाणीपासून खानापूरपर्यंत पसरलेल्या एका पतसंस्थेच्या चौदा शाखांच्या सेटिंग्ज सांभाळण्याचे काम पहिल्याच वर्षी माझ्याकडे आले. व्यवहार बंद करण्याची वेळ, प्रिंटरचा पत्ता, पावती मराठीत छापायची की कन्नडमध्ये, अशा सहा-सहा नोंदी प्रत्येक शाखेच्या नावे एट्सीडी या डेटाबेसमध्ये ठेवलेल्या होत्या आणि तो डेटाबेस तीन सर्व्हरवर चालत होता.

एट्सीडी २०१३ मध्ये कोअरओएस या कंपनीत सुरू झाला. युनिक्समध्ये सेटिंग्जच्या फाइली ज्या ‘ईटीसी’ फोल्डरमध्ये असतात, त्याच्या नावाला ‘डिस्ट्रिब्युटेड’मधला ‘डी’ जोडून हे नाव तयार झाले आहे. अनेक सर्व्हरवर प्रोग्राम चालवणारे साधन कुबरनेटीस आपली सगळी स्थिती यातच ठेवते, त्यामुळे नोकरीच्या दृष्टीने तो शिकणे कधीच वाया जात नाही. यातील प्रत्येक नोंद म्हणजे एक किल्ली आणि तिची किंमत, म्हणजे तिच्या नावे ठेवलेली माहिती. (कार्यालयात आम्ही ‘की’च म्हणतो, पण मराठी वाक्यात त्या ‘की’ने गोंधळ होतो, म्हणून येथे किल्ली.) लिहिलेली गोष्ट पक्की होण्यासाठी बहुमत लागते: तीन सदस्यांपैकी (म्हणजे क्लस्टरमधील सर्व्हरपैकी) दोन, पाचांपैकी तीन. म्हणून दोन सदस्यांचा क्लस्टर एका सदस्यापेक्षा सुरक्षित नसतो; दोहोंतला कोणताही एक पडला तरी लिहिणे थांबते.

या डेटाबेसशी बोलण्याचे साधन म्हणजे एट्सीडीसीटीएल. नवख्या माणसाने पहिला आठवडा फक्त वाचणाऱ्या कमांडवर काढावा. ‘एंडपॉइंट स्टेटस’ला ‘क्लस्टर’ हा पर्याय जोडून उत्तर तक्त्याच्या स्वरूपात मागितले, तर सगळे सदस्य एकाखाली एक दिसतात: कोणाचा डेटाबेस किती मोठा आहे, लीडर (बदलांचा क्रम ठरवणारा सदस्य) कोण आहे, सगळ्यांचा राफ्ट इंडेक्स (बदलांच्या नोंदवहीतील क्रमांक) जवळपास सारखा आहे की कोणी मागे राहिला आहे. पत्ता आणि प्रमाणपत्रे दर वेळी टाइप करण्यापेक्षा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (कमांडला आपोआप मिळणाऱ्या सेटिंगमध्ये) ठेवावीत. क्लायंटचे (डेटाबेसला विचारणाऱ्या प्रोग्रामचे) पोर्ट २३७९ आणि सदस्यांचे आपापसांतले २३८०, एवढे पाठ असले की निम्म्या तक्रारी जागेवर मिटतात.

आता माझी चूक. पतसंस्थेची पहिली शाखा दुसऱ्या शाखेत विलीन झाली आणि तिच्या नोंदी काढून टाकण्यास मला सांगण्यात आले. मी ‘डेल’ ही काढून टाकण्याची कमांड ‘प्रिफिक्स’ पर्यायासह ‘/शाखा/१’ या किल्लीवर चालवली. स्क्रीनवर उत्तर यायला हवे होते सहा, आले ३६. हे साधन ‘नक्की काढू का?’ असे विचारत नाही, काढून मोकळे होते आणि काढलेल्या किल्ल्यांची संख्या तेवढी सांगते. एट्सीडीच्या तिसऱ्या आवृत्तीत फोल्डर नसतात. तिरकी रेघ हे आपल्या सोयीचे एक अक्षर असते. त्यामुळे ‘/शाखा/१’ने सुरू होणाऱ्या सगळ्या किल्ल्या, म्हणजे पहिल्या शाखेसोबत दहा ते चौदा क्रमांकाच्या शाखाही गेल्या. शेवटी आणखी एक तिरकी रेघ दिली असती, तर हे घडले नसते. पाचही शाखांमध्ये दिवसअखेरची बेरीज चालू होती आणि प्रिंटर थांबले.

गोकाककडचे, कन्नड वळणाचे मराठी बोलणारे आमचे वरिष्ठ शेजारीच होते. ते म्हणाले, “आता एकही कमांड मारू नको. आधी रिव्हिजन लिहून घे बघू.” एट्सीडी प्रत्येक बदलाला एक वाढता क्रमांक देतो आणि जुन्या किमती लगेच फेकून देत नाही. उत्तर जेसन स्वरूपात मागितले की सध्याची रिव्हिजन वर दिसते. मधल्या काळात आणखी कोणी काही लिहिले नव्हते आणि एका कमांडने काढलेल्या सगळ्या किल्ल्या एकाच रिव्हिजनमध्ये जातात. म्हणून त्याआधीचा क्रमांक ‘रेव्ह’ पर्यायात देऊन ‘गेट’ (वाचण्याची कमांड) केले, तर सगळ्या ३६ नोंदी जशाच्या तशा समोर आल्या. त्यांतील तीस ‘पुट’ या लिहिण्याच्या कमांडने परत लिहिल्या. तेव्हापासून माझा नियम असा की ज्या प्रिफिक्सवर ‘डेल’ चालवायचे, त्यावर आधी ‘गेट’ चालवायचे, फक्त किल्ल्या दाखवणारा ‘कीज-ओन्ली’ पर्याय लावून. मोजताना मात्र प्रत्येक किल्लीनंतर एक रिकामी ओळ येते हे ध्यानात ठेवावे, नाहीतर आकडा दुप्पट येतो.

ज्या इतिहासाने मला वाचवले, त्यानेच पुढे अडचण केली. प्रत्येक शाखेचा संगणक ‘मी चालू आहे’ हे दर काही सेकंदांनी त्याच डेटाबेसमध्ये लिहू लागला आणि जुन्या रिव्हिजन आपोआप काढून टाकण्याची सोय मूळ सेटिंगमध्ये बंद असते. डेटाबेसची मूळ मर्यादा २ जीबी. ती भरताच ‘नोस्पेस’चा (जागा संपल्याचा) अलार्म लागला आणि क्लस्टर फक्त वाचू व काढू देऊ लागला. उपायाचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी ‘स्नॅपशॉट सेव्ह’ने डेटाबेसची प्रत घेणे, आणि ती फाइल त्याच सर्व्हरवर न ठेवता दुसरीकडे; मग जुन्या रिव्हिजन काढणारे ‘कॉम्पॅक्ट’; मग एकेका सदस्यावर फाइल लहान करणारे ‘डीफ्रॅग’, लीडरवर सर्वांत शेवटी, कारण डीफ्रॅग होत असताना तो सदस्य कोणालाही उत्तर देत नाही; आणि अखेर अलार्म उतरवणारे ‘अलार्म डिसार्म’. नुसत्या कॉम्पॅक्टने फाइल लहान होत नाही, आतली जागा तेवढी मोकळी होते. मर्यादा वाढवण्याचा मोह आम्हालाही झाला, पण तो चुकीचा ठरला असता. आम्ही आपोआप कॉम्पॅक्ट करण्याची मुदत ७२ तास ठेवली, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळची चूक सोमवारी सकाळीही सापडू शकते. ‘मी चालू आहे’साठी लीज (ठरावीक मुदतीची, नूतनीकरण न केल्यास किल्ली आपोआप काढणारी सोय) वापरली, तिचे नूतनीकरण केल्याने नवी रिव्हिजन तयार होत नाही.

स्नॅपशॉट परत बसवण्याचे काम ३.६ आवृत्तीपासून एट्सीडीसीटीएलमध्ये राहिलेले नाही; ते एट्सीडीयूटीएल या वेगळ्या साधनाकडे गेले आहे. जुनी टिपणे वाचून शिकणारी मुले येथे हमखास अडखळतात.

सराव घरच्या लॅपटॉपवर होतो. वेगवेगळी पोर्ट देऊन तीन सदस्य एकाच यंत्रावर उभे करावेत आणि एक बंद करून ‘पुट’ चालते का ते पाहावे. दुसराही बंद केला की साधे ‘गेट’सुद्धा अडकून पडेल, तेथे ‘कन्सिस्टन्सी’ला ‘एस’ ही किंमत (म्हणजे बहुमताला न विचारता स्वतःजवळचे उत्तर दे) देऊन पुन्हा विचारावे. उरलेला एकटा सदस्य उत्तर देईल, पण ते शिळे असू शकते.