ट्री फर्न वाचवायचाय? मग या चुका टाळा

सांगलीतल्या ओळखीच्या एका काकांनी केरळच्या घाटातून येताना कमरेएवढा ट्री फर्न मुळासकट काढून गाडीत घालून आणला, अगदी प्रेमाने आणला, टेरेसवर ड्रममध्ये लावला, रोज पाणी घातलं आणि एप्रिलमध्ये पानं करपून शेंडाच वाळला. मला फार वाईट वाटलं, तेवढं खोड व्हायला त्याला कितीतरी वर्षं लागली असणार.

मूळ चूक म्हणजे याला झाड समजणं. दिसतो माडासारखा पण आहे नेचा, म्हणजे फर्न. आंब्यासारखी साल नसते, बाहेरून जाड काळं दिसतं ती मुळांची गुंतवळ, आणि कुंडीत कितीही पाणी ओता, हवा कोरडी असेल तर पानं करपणारच. खोडावर फवारा मारा, सावलीत ठेवा. "वरून छाटा, खालून फुटेल" असं कुणी सांगितलं तर अजिबात ऐकू नका, बहुतेक जाती एकाच शेंड्यातून वाढतात, तो गेला की नेचा गेला.

ऑर्किड बांधायला याच्या खोडाचे तुकडे विकत घेऊ नका, नारळाचं सोडण चालतं की! सायथिया या ट्री फर्नच्या वंशातले नेचे साइट्सच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात आहेत, म्हणजे परदेशी व्यापारावर बंधन आहे. घ्यायचाच तर बीजाणूंपासून (नेच्याला बी नसतं, पानामागची ही बारीक भुकटीच पेरतात) वाढवलेलं रोप नर्सरीत विचारून घ्या.

स्वतः बीजाणू पेरणारे एका ठिकाणी हमखास फसतात. मातीवर हिरवा पापुद्रा आला की बुरशीच्या भीतीने पाणी तोडतात, पण हा पापुद्रा म्हणजे नेच्याची पहिली अवस्था, आणि त्यावर फलन होतं तेच पाण्याच्या थरातून, तेव्हाच कोरडं पडलं तर नेचा तयारच होत नाही. उकळून गार केलेलं पाणी वापरा, वर काच ठेवा.

आता जंगलाचं, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. "मोठे उभे आहेत ना, मग ठीक आहे" ही समजूत घातक आहे, कारण म्हातारे उभे असतात आणि खाली पोर एक नसतं. असं दिसलं तर ओढा वर कुठे वळवलाय का, सावलीची झाडं तुटलीत का, काठ गुरांनी तुडवलाय का, वणवा येऊन गेलाय का ते बघा. तिथे खड्डे काढून ग्लिरिसिडियासारखी भराभर वाढणारी परदेशी झाडं लावायला जाऊ नका, सावली आणि ओल टिकली तर रोपं आपसूक येतात. आपल्याकडे कोयना-चांदोलीतल्या ओढ्याकाठच्या साध्या नेच्यांनाही हेच लागू आहे, आणि अभयारण्यातून परवानगीशिवाय रोप उचलणं १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. फोटो काढा, जागेचं लोकेशन मात्र ग्रुपवर टाकू नका, वनरक्षकाला सांगा.