गव्हाच्या काड्यांची वीसफळी आणि दोन मित्रांची जोडी

आठवीला घनाकृती शिकवायच्या असतील तर गणिताच्या शिक्षकाने एकट्याने वर्गात जाऊ नये, चित्रकलेच्या शिक्षकांना सोबत घ्यावं. आमच्या अमळनेर तालुक्यातल्या शाळेत मी आणि चित्रकलेचे सर हा पाठ मिळूनच घेतो. त्यामागे एक जुनी जोडी आहे.

१४९६ साली लुका पाचोली हा गणिती, फ्रान्सिस्कन साधू, इटलीतल्या मिलानच्या दरबारी आला. तिथे लिओनार्दो दा विंची ‘शेवटचं भोजन’ हे भित्तिचित्र रंगवत होता. पाचोलीचं गणिताचं जाडजूड पुस्तक त्याने आधीच विकत घेतलं होतं. चाळिशी उलटलेल्या त्या नामवंत चित्रकाराने वहीत टिपून ठेवलं, की वर्गमुळांचा गुणाकार लुका गुरुजींकडून शिकायचा आहे. बदल्यात त्याने मित्राच्या ‘दैवी प्रमाण’ या ग्रंथासाठी घनाकृती काढल्या. एकच आकृती दोनदा: एकदा भरीव, एकदा नुसत्या कडांची, पोकळ. पोकळ चित्रात मागची बाजूही दिसते. ती कल्पना मला फार मोलाची वाटते, आणि तीच आपल्याला हाताने करायची आहे: वीस त्रिकोणी बाजूंची पोकळ आकृती, म्हणजेच वीसफळी.

गहू काढणीला आला की काड्या गोळा करा. हार्वेस्टरने काढलेल्या चेपतात, इळ्याने कापलेल्याच घ्या. गाठी टाळून मधला पोकळ भाग कापा: ७ सेंटिमीटरचे ३० तुकडे, अगदी सारखे. एक तुकडा मापाला ठेवून बाकीचे त्याच्यावरूनच कापावेत. आपल्याकडच्या उन्हात काडी चटकन तडकते, म्हणून अर्धा तास पाण्यात भिजवा. गोधडीचा दोरा आणि लांब सुई लागेल.

तीन काड्या ओवून गाठ मारा, त्रिकोण झाला. त्याच्या एका कडेला दोन काड्या जोडून दुसरा, तसाच तिसरा आणि चौथा करा. चारही त्रिकोणांचं एक टोक सामाईक हवं. पाचव्याला एकच काडी पुरते. ही दहा काड्यांची टोपी. अशीच दुसरी करा. मग एक टोपी उलटी धरून दोन्हींच्या कडा उरलेल्या दहा काड्यांनी नागमोडी जोडा. प्रत्येक कोपऱ्यात पाच काड्या आल्या पाहिजेत, चार आल्या तर तिथेच थांबून चूक शोधा.

आकृती शेवटपर्यंत लडबडत राहते. मुलं नाराज होतात, पण त्यांना धीर द्या. तिसावी काडी घट्ट बसली की सगळी एकदम ताठ होते! त्रिकोणाची ताकद फळ्यावर कितीही सांगा, ती बोटांना तेव्हाच कळते.

आता दोऱ्याने खिडकीपाशी टांगा. लिओनार्दोच्या आकृत्याही दोरीला टांगलेल्याच आहेत. मुलं जोडीने बसवा: एकाने मोजायचं, दुसऱ्याने एक डोळा मिटून काढायचं. जवळच्या कडा ठळक, मागच्या फिक्या. मोजणाऱ्याने चित्रात १२ कोपरे आणि ३० कडा सापडतात का ते तपासायचं, मग कामं बदलायची. “बाई, मांगलं बी दिसस!” असं कुणी ओरडलं की समजा पाठ पोचला. डावखुऱ्या मुलाचा हात मात्र बदलायला लावू नका. लिओनार्दो डावखुराच होता.

१४९९ मध्ये फ्रेंच फौजा मिलानमध्ये शिरल्या आणि दोघं मित्र शहर सोडून निघाले, पुढे फ्लॉरेन्सला गेले. ग्रंथ १५०९ साली व्हेनिसला छापला गेला.

बारा पंचकोनांच्या आकृतीने सुरुवात करू नका. तिलाही ३० काड्याच लागतात, पण दोऱ्यावर ओवलेला पंचकोन उभा राहत नाही, लगेच कोसळतो. ती करायचीच असेल तर काड्यांची टोकं ज्वारीच्या धांड्यातल्या मऊ गाभ्याच्या तुकड्यांत खोचा आणि थेंबभर फेविकॉल लावून रात्रभर वाळू द्या.