वरचा मजला किरायाने देताना

त्रिमूर्तीनगरातला आमचा वरचा मजला मी स्वतःच किरायाने देते, दलालाशिवाय. गेटवर पाटी लावाच, पण ऑनलाइन जाहिरातही टाका. त्यात किराया, डिपॉझिट, मजला स्पष्ट लिहा. नळ किती वाजता येतो, खिडकीला कूलरचं स्टँड आहे का, हेही लिहा. नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो, त्यामुळे कूलरची सोय लोक आधी विचारतात. फोटो सकाळच्या उजेडात काढा, बाथरूमचाही हवा.

फोनवरच विचारा: नोकरी कुठे, राहणार किती जण, आधीचं घर का सोडलं. भेटीत आधार आणि पगाराची स्लिप बघा. मग आधीच्या घरमालकाला फोन करा, हे अजिबात टाळू नका. किराया वेळेवर यायचा का, हे सगळेच विचारतात. घर सोडताना भिंती, नळ कसे ठेवले, हे मी जास्त खोदून विचारते. माणूस तिथे कळतो. जात, धर्म, ताटात काय असतं, हे मात्र विचारू नये. घर सांभाळण्याशी त्याचा काही संबंध नाही.

तोंडी करार नकोच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची. अकरा महिन्यांचा असला तरी सूट नाही. किरायेदाराची माहिती पोलिसांना द्या. चावी देण्याआधी वीज मीटरचं रीडिंग लिहून दोघांनीही सही करा.